जुना कॅमेरा, रास्त भाव

'रास्त भाव' हे दोन शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा वाचले ते रेशनच्या दुकानाच्या पाटीवर. तिथे भाव सरकार ठरवते आणि तो फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, त्यामुळे घासाघिशीचा प्रश्नच नाही. नव्या वस्तूच्या खोक्यावर छापील किंमत असते. पण वापरलेल्या वस्तूचे काय? तिचा रास्त भाव कोणी ठरवायचा आणि कशावरून?

हा प्रश्न मला सुचला तो कॅमेऱ्यामुळे. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी आणि नात्यातल्या मुलांपैकी चार-पाच जणांनी मला विचारले, "सर, वापरलेला चांगला छोटा कॅमेरा घ्यायचा आहे, किती द्यावेत?" मी काही फोटोग्राफर नव्हे. शाळेत इतिहास शिकवला आणि सहली, स्नेहसंमेलने यांचे फोटो हौसेने काढले, एवढेच. या मुलांना हवा असतो तो खिशात किंवा शबनममध्ये मावणारा, पण मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीची लेन्स असलेला कॅमेरा. बाजारात त्याला 'प्रीमियम कॉम्पॅक्ट' म्हणतात. नवा घ्यायचा तर किंमत ऐकूनच मागे फिरावे लागते, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो.

उत्तर शोधायला मी सवयीप्रमाणे इतिहासाकडे वळलो. तिथे मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. कॅमेऱ्याचा भाव नेहमी त्याच्या बाजूने झुकला, ज्याला समोरच्यापेक्षा जास्त ठाऊक होते. दोघांना सारखेच ठाऊक असले, तरच भाव रास्त ठरला.

अगदी सुरुवातीपासून बघू. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे आपले सावेदादा, मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करत. १८९६ साली त्यांनी वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे पाहिली आणि आपणही असे काही करावे असे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून चित्रीकरणाचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी, म्हणजे २२ पौंड १ शिलिंग. त्या काळच्या १५ रुपयांना एक पौंड या दराने हे सव्वातीनशे रुपयांच्या वर जातात. या कॅमेऱ्याने त्यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, आणि १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांचे स्वागतही टिपले. कंपनी सात समुद्रांपलीकडे, यंत्र हाती येईपर्यंत पाहायला मिळणार नाही, आणि अख्ख्या मुंबईत सल्ला द्यायला कोणी नाही. सगळा व्यवहार विश्वासावर.

दादासाहेब फाळक्यांनी दुसरा मार्ग धरला. १९१२ च्या फेब्रुवारीत, आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून, ते स्वतःच लंडनला गेले. तिथे कोणीही ओळखीचे नव्हते. मग गेले कुठे? ज्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते मुंबईत वाचक होते, त्याच्या कचेरीत! संपादक कॅबर्न यांना भेटले, त्यांचा सल्ला घेतला. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला. विल्यमसन कॅमेरा खरेदी केला आणि १ एप्रिलला ते परतले. यंत्र मुंबईला पोचल्यावर सोबतच्या आकृत्यांवरून त्यांनी ते स्वतःच जोडले. आधी वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे छोटे चित्रण करून दाखवले आणि मगच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला. ही पद्धत माझ्या फार मनात भरली. माहीतगाराला विचारायचे, वस्तू डोळ्यांनी बघायची, घेतल्यावर लगेच चाचणी घ्यायची. शंभरहून अधिक वर्षे झाली, तरी याहून चांगला सल्ला मला कोणाला देता आलेला नाही.

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर तर आणखी पुढे गेले. त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले, पण बाबूराव आणि त्यांचे शिष्य दामले यांनी खटपट चालू ठेवली. १९१८ च्या सुमारास त्यांचा कॅमेरा चालू झाला. ज्याने यंत्र स्वतःच्या हाताने जुळवले, त्याला भावाच्या बाबतीत कोण फसवणार?

असो. हे झाले सिनेमाच्या मोठ्या कॅमेऱ्यांचे. खिशातल्या कॅमेऱ्याची गोष्ट सुरू होते १९२५ साली, जर्मनीत. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका त्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. सिनेमाचीच ३५ मिलिमीटरची फिल्म, पण यंत्र तळहाताएवढे. 'लहान कॅमेरा म्हणजे हलका कॅमेरा' ही समजूत इथे मोडली. १९६६ साली रोलाय ३५ आला, तो सिगारेटच्या पाकिटापेक्षा थोडाच मोठा. तो घडवणाऱ्या हाइन्झ वास्के यांनी आधीच्या नोकरीत असताना फावल्या वेळात त्याचा आराखडा केला होता. पुढे त्याचे उत्पादन सिंगापूरला गेले. १९७९ साली जपानच्या योशिहिसा माइतानी यांचा ऑलिंपस एक्सए आला. सरकते झाकण उघडले की कॅमेरा तयार. या जातीचा कॅमेरा म्हणजे काय, हे या तिघांवरून समजते.

यातले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात किती पोचले असतील? फारच थोडे. आमच्या तरुणपणी घरोघरी माहीत असलेला कॅमेरा म्हणजे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. उन्हात उत्तम, सावलीत देवाचे नाव. परदेशी मालाच्या आयातीवर कडक बंधने होती आणि जे रीतसर येई त्यावर जबर जकात. त्यामुळे चांगला छोटा कॅमेरा यायचा तो कोणाच्या तरी सामानातून. आखातातून परतलेला भाऊ, जहाजावर नोकरी करणारा शेजारी, नाहीतर मुंबईत बोरीबंदर-फोर्टच्या बाजूची दुकाने. चोर बाजाराचे नाव तर सर्वांनीच ऐकलेले असे.

त्या दिवसांत एक उलटी गोष्ट घडे. परदेशात दुकानात नवा मिळणारा कॅमेरा जेवढ्याला, त्याहून जास्त पैसे आपल्याकडे वापरलेल्याला मोजावे लागत. ती किंमत कॅमेऱ्याची नव्हतीच, टंचाईची होती. वर विकणारा म्हणणार, "फॉरिनचा आहे!" की गिऱ्हाइकाचे तोंड बंद. मूळ किंमत पडताळून पाहायला ना मासिक, ना यादी, ना विचारायला माणूस.

आपल्याकडच्या वाचकांना हे कापसाच्या उदाहरणाने चटकन कळेल. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. त्याआधी शेतकऱ्याची गाडी अडत्याच्या दारात उभी राहायची. अडत्या मूठभर कापूस हातात घेऊन, धागा ओढून, एक आकडा सांगायचा. मुंबईच्या बाजारात काय भाव आहे हे अडत्याला ठाऊक, शेतकऱ्याला नाही. योजनेत भाव आधी जाहीर होऊ लागला. पण मग सगळी मदार ग्रेडरच्या नजरेवर आली. तोच कापूस एका केंद्रावर वरच्या प्रतीचा ठरायचा आणि दुसऱ्या केंद्रावर खालच्या प्रतीचा. वर चुकाऱ्यासाठी थांबणे वेगळेच. म्हणजे भाव जाहीर असून भागत नाही. प्रत कशी ठरते हेही दोन्ही बाजूंना समजले पाहिजे. जुन्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीत 'जवळजवळ नवा', 'उत्तम स्थिती' असे शब्द वाचतो तेव्हा मला त्या ग्रेडरची हटकून आठवण होते.

जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात जकातीची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली गेली आणि पुढे ती उतरत गेली. १ एप्रिल २००१ पासून उरलेल्या मालाच्या आयातीवरचे संख्येचे निर्बंधही गेले. 'फॉरिनचा' या शब्दाची जादू ओसरली. त्याच सुमारास डिजिटल कॅमेरे आले आणि फिल्मचे कॅमेरे मातीमोल झाले. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी आपली जपानी-जर्मन यंत्रे कपाटात टाकली. काहींनी ती भंगाराच्या भावात दिली. त्यानंतर मोबाइल आला आणि त्याने डिजिटल कॅमेऱ्यांचीही तीच गत केली. जपानी उत्पादकांच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली जगभर सुमारे १० कोटी ८० लाख छोटे डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ साली ते जेमतेम १७ लाखांवर आले.

इतकी पडझड झाल्यावर जुन्या छोट्या कॅमेऱ्याला कोण विचारणार, असे कोणालाही वाटेल. पण झाले उलटेच. १९९० सालचा कॉन्टॅक्स टी२ हा टायटॅनियमच्या अंगाचा फिल्म कॅमेरा. तो बनवणाऱ्या क्योसेराने २००५ साली हा धंदाच सोडला. २०१७ साली एका अमेरिकी मॉडेलने टीव्हीवर आपला टी२ दाखवला आणि त्याचे भाव चढत गेले. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही २०२० साली आला. २०२२ मध्ये टिकटॉकवर त्याचा एवढा बोलबाला झाला की दुकानातला माल संपला आणि वापरलेले नग मूळ किमतीच्या वर विकले गेले. १९७५ साली फोर्टमध्ये जे चालायचे तेच हे. फक्त टंचाई तेव्हा सरकारी नियमाने आलेली आणि आता हौशीने.

मधली लेन्स, शटर, धातूचे अंग या चढउतारात तसूभरही बदलले नाही. तोच कॅमेरा, कधी भंगार, कधी सोने. म्हणून 'बाजारात चाललेला भाव' आणि 'रास्त भाव' या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मागच्या वर्षी एक व्यवहार माझ्यासमोर झाला, तो इथे नोंदवतो. दारव्ह्याकडच्या एका गावात माझ्या ओळखीचे फोटोग्राफर होते. ते वारले त्याला आता सहा वर्षे होतील. त्यांच्या कपाटात एक रोलाय ३५ होता, सिंगापूरचा. १९७८ साली त्यांनी तो मुंबईहून वापरलेलाच आणला होता आणि वहीत चौदाशे रुपये अशी नोंद होती. त्या वेळी माझा महिन्याचा पगार पाचशेच्या आत-बाहेर होता, यावरून त्या रकमेचा अंदाज यावा. एका बाहेरच्या माणसाने फोनवर फोटो पाहून वहिनींना दीड हजार देऊ केले. त्या देणारही होत्या. तेवढ्यात माझा एक विद्यार्थी, आता वणीकडे शिक्षक आहे, त्यालाही तसाच कॅमेरा हवा होता. तो मला घेऊन तिकडे गेला.

तो म्हणाला, "काकू, तुम्हीच भाव सांगा."

वहिनी म्हणाल्या, "मले का समजते बाप्पा त्यातलं! तुमीच सांगा."

दोन हजार म्हटले असते तरी त्या खूश झाल्या असत्या. पण पोराने मोबाइल त्यांच्यापुढे धरला आणि तसेच कॅमेरे प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते दाखवले. चालू स्थितीतले सतरा हजारांच्या आसपास जात होते. मग त्याने कॅमेरा हातात घेतला. याची लेन्स आत ढकलायची एक रीत आहे. आधी फिल्म पुढे सरकवून शटर चढवायचे, बटण दाबायचे आणि मगच लेन्स फिरवून आत घालायची. बळजबरी केली की बिघडलेच. अर्ध्या सेकंदाचे शटर अडखळत होते, ते त्याने वहिनींना कानाशी धरून ऐकवले. दुरुस्तीला साडेचार हजार लागतील असे त्याने आधीच विचारून ठेवले होते. याला पाऱ्याची जुनी बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. साधी बसवली तर व्होल्टेज जास्त पडून प्रकाशमापकाची सुई चुकीचे दाखवते, म्हणून जोडणी घ्यायची तिचे दीड हजार. सतरातून सहा गेले, उरले अकरा हजार. वहिनींनी बोटांवर पुन्हा एकदा हिशेब केला आणि मान हलवली. कातडी कव्हर मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतले.

परत येताना बसमध्ये शेजारी बसलेले एक गृहस्थ आमचे बोलणे ऐकून म्हणाले, "मास्तर, धंदा नाही जमायचा तुमच्या चेल्याला!" असेलही. पण माझ्या मते रास्त भाव म्हणजे हाच. विकणाऱ्याला सगळे ठाऊक झाल्यावरही जो भाव त्याला पटतो, तो रास्त. तिला ठाऊक नसल्यामुळे जो मिळतो, तो स्वस्त असेल पण रास्त नव्हे. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. दोष लपवून जास्त घेणारा विकणारा त्याच माळेतला मणी.

आता ज्यांना खरेच घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे.

पहिले, मागितलेली किंमत बघू नका, विकले गेलेल्याची बघा. जाहिरातीत कोणी काहीही मागेल. त्याच सुमाराचे दहा-बारा नग किती रुपयांना गेले ते पाहून मधला आकडा धरा. त्यातून दुरुस्ती, बॅटरी, चार्जर यांचा खर्च वजा करा. आपल्या वरच्या हिशेबासारखाच.

दुसरे, ज्याचा त्याचा दुखरा भाग माहीत असू द्या. सोनीचा आरएक्स१०० (पहिला २०१२ सालचा) आणि रिको जीआर (मोठ्या सेन्सरचा पहिला २०१३ सालचा) यांची लेन्स बाहेर येते-जाते. त्या वाटेने धूळ आत शिरते आणि सेन्सरवर बसते. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तंतू आणि उन्हाळ्यात धूळ, म्हणजे विचारायलाच नको! यंत्र उघडल्याशिवाय ती निघत नाही. तपासणी सोपी आहे. छिद्र जेवढे लहान करता येईल तेवढे करून निरभ्र आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर धूळ आहे. फुजीच्या पहिल्या एक्स१०० मध्ये छिद्राच्या पाकळ्या चिकटण्याचा दोष होता, तेव्हा वेगवेगळ्या छिद्रांवर फोटो घेऊन उजेड सारखा येतो का ते पाहा. फिल्म कॅमेरा असेल तर मागचे झाकण उघडून लेन्समधून उजेडाकडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. टी२ सारख्या विजेवर चालणाऱ्या फिल्म कॅमेऱ्यात सुटे भाग मिळणे अवघड, म्हणून 'थोडेसे काम आहे' असे कोणी म्हणाले तर नम्रपणे उठावे. शिवाय रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून आज खर्च हजाराच्या घरात जातो आणि रोल बाहेरगावी पाठवावा लागतो, तोही हिशेबात धरा.

तिसरे, कायदा. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ चा रोख असा की मालाची पारख घेणाऱ्याने करावी. अपवाद आहेत, पण थोडे. घरगुती विकणारा व्यापारी नसल्याने ग्राहक कायद्याचा आधारही त्याच्याविरुद्ध मिळणे कठीण. म्हणून मूळ बिल मागा, अंगावरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहा आणि साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी तो महागच. दुकानदाराकडून घेतल्यास थोडे जास्त पडतील, पण महिन्या-दोन महिन्यांची हमी मिळाली तर ते पैसे वाया गेले असे समजू नका. आणि जपानमध्ये स्वस्त दिसतो म्हणून तिथून जुना मागवू नका. वापरलेल्या मालाची आयात आपल्याकडे 'प्रतिबंधित' वर्गात मोडते, परवाना लागतो, आणि पार्सल जकातीत अडकले तर सगळा हिशेब कोलमडतो. नव्याशी तुलना करताना एक लक्षात ठेवा. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे फार जुन्या किमतींशी ताडून पाहू नका.

शेवटी विकणाऱ्यांबद्दल. पुसद, दिग्रस, उमरखेड, नेर, पांढरकवडा, कुठेही जा, जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी एखादे कपाट असतेच. त्यात काय आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. नातेवाइकांपैकी कोणाच्या घरी असे काही असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या जाणत्या पोराला दाखवा. त्या यंत्रांनी गावातली लग्ने, बारशी, शाळांचे निकाल टिपले. ज्यांनी ती पोटाला चिमटा काढून घेतली, त्यांच्या घरी निदान हिशेबाने चार पैसे परत जावेत.